बागेतले विमान

श्रोतेहो, गेल्या थंडीतली गोष्ट आहे. छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेस वाळूजची औद्योगिक वसाहत आहे आणि तिला लागूनच बजाजनगर ही आमची वस्ती आहे. रविवारी सकाळी मी वस्तीतल्या बागेत फेऱ्या मारीत होतो. वारा अगदी पडलेला होता. इतक्यात डोक्यावरून भुंग्यासारखा आवाज करीत काहीतरी गेले. मान वर करून पाहतो तो एक पांढरेशुभ्र विमान! पंख असतील हात-सव्वा हात रुंदीचे. निंबाच्या झाडाला वळसा घालून ते पुन्हा माझ्या दिशेने आले, थोडे डगमगले आणि पलीकडच्या गवतावर पोट घासत थांबले.

मागोमाग नववीतला एक मुलगा पळत आला. हातात दोन दांड्यांची एक पेटी, गळ्यात तिचा पट्टा. "सर, लागलं नाही ना?" असे त्याने आधी विचारले. मी नाही म्हटल्यावर त्याला धीर आला. मग तो म्हणाला, "सर, जगातलं पहिलं विमान आपल्या तळपद्यांनीच उडवलं ना? तुम्हीच सांगितलं होतं आमच्या शाळेत, सव्वीस जानेवारीला. तेव्हापासून मी हे करायला घेतलं."

होय, मी सांगितले होते. पाहुणा म्हणून गेलो होतो, मुलांपुढे काहीतरी स्फूर्ती देणारे बोलावे म्हणून ती कथा सांगितली आणि टाळ्याही मिळवल्या. पण श्रोतेहो, मी इतिहासाचा अध्यापक आहे आणि ती कथा मी पडताळून पाहिलेली नव्हती. कुठेतरी वाचली, आवडली, सांगून टाकली. त्या मुलाने मात्र ती खरी धरून वर्षभर थर्माकोल कापला. त्याला मी एवढेच म्हणालो, "पुढच्या रविवारी सांगतो." त्यानंतर जे वाचले आणि त्या मुलाच्या संगतीत जे पाहिले, ते आज आपणांपुढे मांडतो आहे.

आमच्या वस्तीविषयी दोन शब्द आधी सांगितले पाहिजेत. वाळूजला दुचाकी वाहनांचा मोठा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्या आगेमागे सुटे भाग करणारे कितीतरी कारखाने आले. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून, शिवाय विदर्भ-खानदेशातूनही माणसे कामाला आली. त्यांच्या वस्तीला त्या कारखानदार घराण्याचेच नाव पडले. माझे वडीलही असेच पाळीवर काम करायला आले. शेत सुटले होते, शहर अजून अंगी लागले नव्हते. अशा घरांतली मुले आम्ही. आमच्या लेखी आकाश म्हणजे संक्रांतीचे आकाश. कन्नी कशी बांधावी, ढील केव्हा द्यावी, वारा पडला तर पतंग कसा सावरावा हे आम्हांला अभ्यासापेक्षा चांगले येत असे. विमान मात्र चिकलठाण्याच्या बाजूला, शहराच्या दुसऱ्या टोकाला उतरणारी एक दूरची वस्तू होती. तिला हात लावता येतो असे कोणाच्या मनातही आले नव्हते.

आणि गंमत अशी की, विमानाचा इतिहास उघडून पाहिला तर त्याच्या पहिल्या पानावर पतंगच आहे. इंग्लंडमध्ये जॉर्ज केली नावाचे एक जमीनदार गृहस्थ होते. १८०४ साली त्यांनी एक लांब काठी घेतली, तिच्यावर पुढच्या बाजूस साधा कागदी पतंग थोडा तिरपा बसवला, मागे फुलीच्या आकाराची शेपटी लावली आणि नाकाशी एक वजन असे अडकवले की ते मागे-पुढे सरकवता यावे. टेकडीवरून सोडल्यावर हे यंत्र तरंगत खाली येई. आजच्या विमानाची सारी ठेवण या खेळण्यात आहे: पुढे न हलणारा पंख, मागे तोल सांभाळणारी शेपूट आणि भाराचा मध्य योग्य जागी आणण्याची सोय. त्याआधीचे कित्येक लोक पक्ष्यासारखे पंख हलवण्याच्या नादी लागून हातपाय मोडून घेत होते. पंख हलवायचा नाही, तो स्थिर ठेवून पुढे ढकलायचा, ही गोष्ट केली यांना उमगली होती.

पुढे ढकलायचे कसे, हा प्रश्न राहिला. त्याचे सुंदर उत्तर पॅरिसच्या एका बागेत मिळाले. अल्फोन्स पेनो नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने १८ ऑगस्ट १८७१ रोजी त्वीलरी या सार्वजनिक बागेत, जाणकार मंडळींच्या समोर, एक चिमुकले विमान सोडले. त्याचे पंख सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर रुंद होते आणि वजन जेमतेम सोळा ग्रॅम, म्हणजे चार-पाच पोस्टकार्डांएवढे. मागच्या टोकाला एक पंखा, आणि तो फिरवायला पीळ दिलेला रबराचा धागा. ते अकरा सेकंद हवेत राहिले आणि चाळीस मीटरांच्या आसपास गेले. अकरा सेकंद म्हणजे काय, असे कोणी म्हणेल. पण त्या अकरा सेकंदांत त्या विमानाला कोणी धरलेले नव्हते. वाऱ्याने नाक वर केले की शेपटी ते खाली आणी, आणि खाली गेले की वर आणी. आपला तोल आपणच सांभाळणारे यंत्र लोकांनी प्रथमच पाहिले.

म्हणजे बागेत विमान उडवणे हा आजच्या पोरांनी काढलेला नसता उद्योग नाही. विमानविद्येचा पाळणाच बागेत हलला आहे.

याच पेनोच्या पद्धतीचे, वरच्या वर उडणारे एक रबरी खेळणे १८७८ साली अमेरिकेतल्या एका धर्मोपदेशकाने प्रवासाहून येताना आपल्या दोन मुलांसाठी आणले. एक मुलगा अकरा वर्षांचा होता, दुसरा सात. त्यांची नावे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. खेळणे लवकरच मोडले, तेव्हा मुलांनी स्वतः तसेच केले. मग दुप्पट मोठे करून पाहिले, तर ते नीट उडेना. शिक्षक मंडळींनी ही गोष्ट वर्गात अवश्य सांगावी, कारण यात गणित आहे. लांबी-रुंदी-उंची सगळी दुप्पट केली की पंखाचे क्षेत्र चौपट होते, पण वजन आठपट होते. चौपट पंखावर आठपट ओझे! मुलगा बापासारखा दिसतो म्हणून बापाचे ओझे उचलू शकत नाही, तसेच हे उलट बाजूने आहे. या फसलेल्या खेळण्याचे कोडे त्या भावांना तेव्हा सुटले नाही. पण पुढे मोठेपणी, १९०१ साली, त्यांनी एका लांबट पेटीत वारा सोडून दोनशेच्या आसपास निरनिराळे इवलेसे पंख तपासले. कोणता पंख किती उचलतो याचे आकडे हाती आल्यावरच त्यांनी मोठे विमान बांधले. १७ डिसेंबर १९०३ रोजी ते माणसाला घेऊन बारा सेकंद उडाले, एकशेवीस फूट गेले.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ.

शिवकर बापूजी तळपदे हे मुंबईचे गृहस्थ. संस्कृतचे व्यासंगी, प्राचीन विमानविद्येचा ध्यास घेतलेले. १९१६ च्या सुमारास ते वारले. त्यांच्याविषयी अशी कथा सांगतात की, १८९५ साली गिरगावच्या चौपाटीवर त्यांनी 'मरुत्सखा' नावाचे विमान माणसाशिवाय पंधराशे फूट उंच उडवले, मोठमोठी माणसे ते पाहायला हजर होती आणि राइट बंधूंच्या आधी आठ वर्षे हा पराक्रम मराठी माणसाने केला. या कथेवर २०१५ साली एक हिंदी चित्रपटही निघाला.

इतिहासाच्या अभ्यासकाने अशा वेळी काय विचारावे? कोणी पाहिले, केव्हा लिहिले, आणि ते लिहिलेले आज कोठे आहे, एवढेच. या तीन प्रश्नांपुढे ही कथा टिकत नाही. त्या दिवसाचे छायाचित्र नाही, यंत्राचा सांगाडा नाही, आराखडा नाही. वर्तमानपत्रात बातमी आली होती असे पुढच्या लेखकांनी लिहिले. पण निर्विवाद म्हणता येईल असे त्या काळचे छापील पान कोणी पुढे ठेवलेले नाही. जी वर्णने आहेत ती कितीतरी वर्षांनंतरची आहेत.

शेजारीच दुसरी घटना ठेवून पाहा. ६ मे १८९६, म्हणजे जवळजवळ त्याच सुमारास, अमेरिकेत सॅम्युएल लँगली यांनी पोटोमॅक नदीवर वाफेच्या छोट्या एंजिनाचे, माणसाशिवायचे विमान उडवले. ते सुमारे तीन हजार तीनशे फूट गेले. टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल तेथे हजर होते. त्यांनी छायाचित्र काढले आणि पाहिले ते लिहून प्रसिद्ध केले. ते यंत्र आजही जपून ठेवलेले आहे. एका बाजूला छायाचित्र, साक्षीदार, अंतर आणि यंत्र. दुसऱ्या बाजूला फक्त आठवण. आपण न्यायाधीश असतो तर काय निकाल दिला असता?

आणखी एक गोष्ट आहे. तळपद्यांच्या यंत्रामागे जे शास्त्र असल्याचे सांगतात, त्या 'वैमानिक शास्त्र' नावाच्या ग्रंथाची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी केली आणि १९७४ साली ती प्रसिद्ध झाली. हा ग्रंथ प्राचीन नसून १९०४ नंतर रचला गेलेला आहे, आणि त्यातल्या आकृत्यांप्रमाणे केलेले एकही यंत्र उडू शकणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हे अभ्यासक परके नव्हते. आपलेच होते, आपल्याच विद्यापीठात शिकवणारे होते.

शिवाय साधा तर्क लढवून पाहा. घटकाभर धरून चालू की चौपाटीवर खरोखरच काहीतरी उडाले. पण ते माणसाशिवाय उडाले असेच कथा सांगते. माणसाशिवाय उडणारे विमान तर त्याआधी चोवीस वर्षे पॅरिसच्या बागेत उडालेले होते. म्हणजे कथा खरी मानली तरी 'जगातले पहिले' हे शब्द काही खरे होत नाहीत.

यात तळपद्यांचा अपमान करण्याचा माझा हेतू नाही. परतंत्र देशात, हाताशी पैसा नसताना, एका माणसाने आकाशाचे स्वप्न पाहिले, त्यासाठी वाचले, लिहिले, खटपट केली, एवढे मान्य करायला मला आनंदच वाटतो. अपमान मीच केला होता. त्या माणसाच्या खऱ्या धडपडीवर समाधान न मानता मी त्याच्या डोक्यावर न मिळालेला मुकुट ठेवला. आणि त्याहून वाईट असे की, मराठी मुलांना सांगण्याजोगे खरे नाव असताना ते मला ठाऊक नव्हते.

ते नाव डॉ. विष्णु माधव घाटगे. जन्म १९०८, कोल्हापूर भागातल्या हसूरचा. हा खेड्यातला मुलगा शिकत शिकत जर्मनीतल्या गटिंगनला पोहोचला आणि लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टर झाला. प्रांट्ल म्हणजे हवेचा प्रवाह पंखावरून कसा वाहतो याचे शास्त्र ज्यांनी उभे केले ते थोर आचार्य. घाटगे परत आले, बंगळूरच्या विमान कारखान्यात रुजू झाले, आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली 'एच. टी. २' हे दोन माणसांचे शिकाऊ विमान तयार झाले. ५ ऑगस्ट १९५१ रोजी ते प्रथम उडाले. भारतात आखलेले, भारतात बांधलेले आणि मग कारखान्यात ओळीने तयार होऊ लागलेले हे पहिले एंजिनाचे विमान. अशी दीडशेहून अधिक विमाने झाली आणि आपल्या हवाई दलातल्या कितीतरी वैमानिकांनी पहिले धडे त्यांच्यावर गिरवले. १९६५ साली घाटग्यांना पद्मश्री मिळाली. या कथेला चौपाटीसारखी नाट्यमय गर्दी नाही. पण तिला तारीख आहे, आराखडे आहेत, आणि उडालेले विमान आहे.

आता थोडे त्या मुलाच्या हातातल्या पेटीकडे वळू. विमान हवेत, माणूस जमिनीवर, मध्ये दोरा नाही; मग पतंगाची ढील द्यायची कोणी?

श्रोतेहो, ज्या लहरींवर बसून माझा आवाज आपल्या घरात येतो आहे, त्याच जातीच्या लहरी हे काम करतात. १८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी तारेवाचून दूरची घंटा वाजवून आणि दूरची दारू पेटवून दाखवली. १८९८ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात निकोला टेस्ला यांनी पाण्याच्या टाकीतली एक छोटी नाव लांबून वळवून दाखवली. लोकांना वाटले, आत वानर बसवले असेल! हातच्या छोट्या विमानाला हे जमायला मात्र आणखी चाळीस वर्षे गेली, कारण त्या वेळची यंत्रणा जड होती. १९३७ साली अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी आपल्या हातच्या विमानाला रेडिओने हुकूम मानायला लावले. त्यांचे ते विमान आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे.

तरीही ही विमाने बागेत येण्याजोगी नव्हती. त्यांत तेलावर चालणारी छोटी एंजिने असत. ती कर्कश ओरडत, तेल उडवीत, आणि सुरू करताना बोट सापडले तर बोट जाई. त्यामुळे हा खेळ गावाबाहेरच्या मैदानांपुरता आणि खिशात पैसा असलेल्यांपुरता राहिला. विजेवर विमान उडवण्याची खटपट चालूच होती. ३० जून १९५७ रोजी इंग्लंडमध्ये कर्नल टॅप्लिन यांनी विजेच्या मोटारीचे विमान रेडिओने चालवून दाखवले. जर्मनीत फ्रेड मिलिट्की यांनी या एकाच ध्यासापायी वर्षानुवर्षे घालवली. त्यांच्याच प्रयत्नांतून २१ ऑक्टोबर १९७३ रोजी ऑस्ट्रियात माणूस घेऊन जाणारे विजेचे विमान काही मिनिटे उडाले. अडचण एकच होती: बॅटरी. मोटार हलकी करता येई, पण बॅटरीचे वजन उचलता उचलताच तिची सारी शक्ती संपे. पगार आणायला जाण्यातच पगार खर्च व्हावा तशातली गत!

ही गाठ सोडवली लिथियमच्या बॅटरीने. १९९१ साली ती बाजारात आली, आणि तिच्यामागे असलेल्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मोबाइल फोनसाठी ती बॅटरी स्वस्त झाली, त्याच लाटेत मोटारी आणि रेडिओचे सुटे भागही स्वस्त झाले. पूर्वी दोन मुलांच्या पेट्या एकाच लहरीवर लागल्या की एकाच्या हुकुमाने दुसऱ्याचे विमान कोसळे. नव्या पेट्या आपापल्या विमानाची खूण ओळखून बोलतात, त्यामुळे तेही भय गेले. आवाज कमी, वजन कमी, खर्च कमी. अशा रीतीने पेनोचे विमान सव्वाशे वर्षांनी पुन्हा बागेत आले.

बजाजनगरच्या त्या मुलाचे विमान मी हातात घेऊन पाहिले. अंग सगळे थर्माकोलचे आणि पातळ फोमच्या पत्र्याचे. यंत्रांच्या खोक्यांत भरणी म्हणून येतो तो माल. सांधे चिकटपट्टीचे, कणा बांबूच्या कामटीचा. आत तीन पेशींची बॅटरी, एक हुकूम ऐकणारी डबी, मोटारीचा वेग कमी-जास्त करणारी दुसरी डबी, आणि शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या दोन काडेपेटीएवढ्या मोटारी. तेवढे सुटे भाग विकत आणलेले, त्यासाठी दिवाळीच्या बोनसमधून वडिलांनी पैसे दिले होते.

मुलगा सांगत होता, "पहिली दोन विमानं सुटल्या सुटल्या नाक वर करून मागे पडली, सर. लई वैताग आला. मग पंखाखाली दोन बोटं धरून तोल बघितला, तर सगळा भार शेपटीकडं. बॅटरी पुढं सरकवली, अन् गेलं की सरळ!" त्याला ठाऊक नव्हते की १८०४ साली जॉर्ज केली यांनी काठीवरचे वजन पुढे-मागे सरकवून नेमके हेच केले होते. पंखाच्या पुढच्या कडेपासून पाव ते तिसऱ्या हिश्शाच्या दरम्यान भाराचा मध्य यावा लागतो. हे पुस्तकात एका ओळीत येते. त्याला ते दोन विमाने मोडून कळले, म्हणून आता तो जन्मात विसरणार नाही.

सगळेच गोड झाले असे मात्र नाही. पुढच्याच आठवड्यात वाऱ्याचा एक झोत आला आणि विमान बाकावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांच्या खांद्यावर आदळले. पंखा पुढेच होता. सदरा फाटला, खांद्यावर ओरखडा उठला. संध्याकाळी गल्लीत माणसे जमली. "बाग म्हाताऱ्या माणसांसाठी हाय का विमानांसाठी?" असे एकाने विचारले, आणि त्याचे काही चुकले नव्हते. बागेत विमान बंद, असा फलक लावायचे जवळजवळ ठरले. मुलगा बापाच्या मागे मान खाली घालून उभा होता. त्याच्या बापाने विमान हातात घेतले होते. बहुधा तेथेच मोडून टाकावे असे त्याच्या मनात असावे.

तेव्हा ज्यांना लागले होते ते गृहस्थच बोलले. तीस वर्षे फिटर म्हणून काम करून निवृत्त झालेला माणूस. ते म्हणाले, "मोडू नका. पोराची चूक पंखा पुढं लावण्यात आहे. तो मागं लाव, नाक मऊ कर. अन् वाऱ्याच्या वेळी उडवायचं नाही." दुसऱ्या दिवशी ते स्वतः सायकलच्या आरीचे तुकडे घेऊन त्या घरी गेले. मोटार पंखामागे गेली, नाकाला स्पंजची गादी आली.

मग आम्ही चार मोठ्या माणसांनी बसून नियम ठरवले. विमान रविवारी सूर्योदयानंतर दोन तासच उडवायचे. फिरणाऱ्यांच्या वाटेवरून न्यायचे नाही. सोबत एक मोठे माणूस हवे. झाडाची पाने सळसळू लागली की खेळ बंद. बॅटरी फुगली तर ती पुन्हा वापरायची नाही, आणि घरात एकटी चार्ज करायला ठेवून झोपायचे नाही, कारण लिथियम पेटले की सहज विझत नाही. देशाचे नियमही पाहिले. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या यंत्राला, आणि व्यापारासाठी नसेल तर दोन किलोपर्यंतच्यालाही, वैमानिकाचा परवाना लागत नाही. मात्र सरकारी नकाशात हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे आहेत. विमानतळाच्या व लष्करी जागांच्या आसपास बंधने आहेत. आपले गाव कोणत्या पट्ट्यात येते हे आधी पाहावे, आणि यंत्र नजरेच्या टप्प्याबाहेर कधीही जाऊ देऊ नये.

खेड्यातल्या शिक्षकबंधूंना वाटेल, आमच्याकडे कोठली मोटार अन् कोठली बॅटरी? त्यांना माझी विनंती आहे की मोटारीची गरजच नाही. थर्माकोलचा एक ताव, एक कामटी आणि नाकाशी चिकटवायला थोडी ओली माती एवढ्यावर हातफेकीचे विमान होते. माती थोडी वाढवा, थोडी काढा, आणि दर वेळी ते किती पावले गेले ते फळ्यावर लिहा. तासाभरात पाचवीच्या मुलाला भारमध्य कळेल आणि प्रयोग कशाला म्हणतात तेही कळेल. राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई विभागात, जो १९५० साली सुरू झाला, विमानांच्या प्रतिकृती करणे आणि उडवणे हा शिक्षणाचाच भाग आहे. ज्या शाळा-महाविद्यालयांत तो विभाग आहे, तेथल्या मुलांनी ही संधी सोडू नये.

या छोट्या विमानाचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. ते कोणाची भीड धरीत नाही. करणारा मराठी आहे की परका, त्याचे शास्त्र प्राचीन आहे की अर्वाचीन, त्याच्या भाषणाला टाळ्या पडल्या की नाही, हे त्याला ठाऊक नसते. भार योग्य जागी असेल तर ते उडते, नसेल तर पडते. मी व्यासपीठावरून जे सांगितले होते ते असे एकदा जरी हातातून सोडून पाहिले असते, तर ते तेथेच पडले असते.

तिसऱ्या रविवारी मी त्या मुलाला सारे सांगितले. माझे चुकले होते हेही सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. वर्षभर उराशी धरलेली गोष्ट काढून घेतल्यावर मुलाचा चेहरा कसा होतो, ते मी पाहिले. आपण हे न सांगते तर बरे झाले असते, असेही क्षणभर वाटून गेले. मग मी त्याला हसूरच्या घाटग्यांची हकीकत सांगितली.

तो म्हणाला, "पण सर, त्यांचं उडलं ना? नक्की?"

"उडलं. ५ ऑगस्ट १९५१. लिहून घे."

"कुठं लिहू? वही घरी आहे." असे म्हणून त्याने खिशातले पेन काढले आणि विमानाच्या पंखाच्या खालच्या अंगाला, जेथे उडताना जमिनीवरून दिसेल अशा जागी, ती तारीख मोठ्या आकड्यांत लिहिली. फिटरकाकांनी वारा पाहिला आणि मान हलवली. विमान सुटले.